अनीचा पपायरस, मोठ्या साइझचं पुस्तक: आठ महिने वापरून

आठ महिने झाले घेऊन. पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू टाकला असता तर नुसतं चित्रं भारी, प्रिंट भारी एवढंच लिहून मोकळा झालो असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्या माणसासोबत पपायरसची, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची, मंत्रांची सचित्र गुंडाळी ठेवायचे, पुढच्या प्रवासात उपयोगी पडावी म्हणून. तिला मृतांचं पुस्तक हे नाव लेप्सियस नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1842 मध्ये दिलं, इजिप्तची माणसं दिवसाउजेडी बाहेर येण्याचे मंत्र असं काहीसं म्हणायची. अनी नावाच्या माणसाची गुंडाळी त्यातली सगळ्यात गाजलेली, इजिप्तमधल्या थिब्ज शहरातली, साधारण इ.स.पू. 1250 ची, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माझ्याकडे आहे ते तिच्या रंगीत फोटोंचं पुस्तक, वर चित्र, खाली इंग्रजी भाषांतर.

आधी तक्रारी. एकाही शेल्फात मावत नाही, मांडीवर घेतलं की पाय बधिर, त्यामुळे पलंगाखाली सरकवलंय. तिसऱ्याच महिन्यात मधली दोन पानं सुटली, विक्रेत्याला मेल केला तर म्हणे रिटर्नची मुदत संपली. आणि खालचं भाषांतर वरच्या चित्राशी जुळेलच असं नाही, चित्र एका मंत्राचं आणि मजकूर अजून मागच्याच पानावरचा चाललाय, सुरुवातीला मला वाटायचं मलाच कळत नाहीये.

पण चित्र मधेच तोडण्याचा दोष पुस्तकवाल्यांचा एकट्याचा नाही. मूळ गुंडाळी सलग, तेवीस मीटरपेक्षा लांब. म्युझियमसाठी ती 1888 मध्ये बज नावाच्या इंग्रज अभ्यासकाने मिळवली आणि तिचे 37 तुकडे केले, कापताना चित्र कुठे संपतं याची फार फिकीर न करता. म्हणून मी शेवटी तिसऱ्या-चौथ्या तुकड्याच्या कलर झेरॉक्स काढल्या आणि पॅसेजमधल्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या, आणि खरं सांगतो, पुस्तकापेक्षा तिथेच जास्त बघितलं. मेल्यानंतरच्या न्यायनिवाड्याचं चित्र आहे हे: अनी आणि त्याची बायको तुतू वाकून आत येतायत, तराजूत एकीकडे अनीचं हृदय, एकीकडे सत्याची देवी मात हिचं पीस, अनुबिस देव काट्यापाशी गुडघा टेकून, थॉथ देव लिहून घेतोय. आई म्हणाली, हा चित्रगुप्त ना? म्हटलं हो, त्यांच्याकडचा, फक्त डोकं पक्ष्याचं. पुढे होरस देव अनीला हाताला धरून नेतोय तेव्हा अनीचे केस काळे, आणि चार बोटं पुढे मृतांचा देव ओसायरिस याच्यासमोर गुडघे टेकलेत तिथे पांढरे. इतके महिने पानं उलटत होतो, हे दिसलंच नव्हतं!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र चित्रातली नाही. या गुंडाळीतले बरेच भाग आधीच तयार करून ठेवलेले, नावाची जागा कोरी, गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं, स्टॅम्प पेपरवर भरतो तसं. अनी स्वतः लेखनिक, देवांच्या नैवेद्याचे हिशेब लिहिणारा, आणि स्वतःसाठी घेतलं काय तर रेडीमेड. तराजूपाशी जो मंत्र आहे त्यात तो आपल्याच हृदयाला विनवतोय की बाबा माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. म्हणजे पाप केलं नाही हे सांगायचं, वर साक्षीदाराशीही बोलून ठेवायचं. हिशेबातला माणूस शेवटी!

घ्यायचं का? चित्रांसाठी डोळे झाकून घ्या. भाषांतर चित्राखाली शोधत बसू नका, सलग वेगळं वाचा, आणि फुकट मिळतं म्हणून त्या बजने केलेलंच भाषांतर धरून बसू नका, ते 1895 चं आहे, फार जुनं झालं.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि दोन झेरॉक्सच्या जोडावरचीच टेप सुटली. तिथेच आम्मित नावाची राक्षसीण उभी आहे, तोंड मगरीचं, पुढून सिंह, मागून पाणघोडा, हृदय नापास झालं की खायला तयार. सध्या तिचं अर्धं तोंड खाली लोंबतंय आणि आई जाता येता म्हणते, अरे तिला चिकटव आधी.