गाण्यातून स्पीच थेरपी: आवाज निघाला, पण जाहिरातीवर जाऊ नका

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, शब्द एकही नाही, काय हवं ते टॅबवर चित्र दाबून सांगतो. त्याला संगीतावर आधारित स्पीच थेरपी लावलीये, फरक पडतो का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन.

गाणी लावून खुळखुळे वाजवायचे तसला हा प्रकार नाही. समोर दोन ड्रम, एकाचा सूर वरचा, एकाचा खालचा. मॅडम चित्र दाखवतात, पाण्याचा ग्लास वगैरे, आणि "पाsss-णीsss" असं दोन सुरात गातात, प्रत्येक अक्षराला मुलाचा हात धरून एकेका ड्रमवर. आधी नुसतं ऐकायचं, मग दोघांनी मिळून, मग मॅडम मध्येच गप्प होतात, मग त्याने एकट्याने, आणि शेवटी त्या नुसतं "पा" म्हणून थांबतात, पुढचं त्याने पुरं करायचं. आमच्याकडे पहिले स्वर आले, "आ-ई" असं काहीतरी, "प" आणि "ण" गायब, पण सूर अगदी बरोब्बर!! बाकी कोणाला काही कळणार नाही, घरात सगळ्यांना कळतं. आता "प" येतो कधीकधी. गंमत म्हणजे ड्रमसमोर जे येतं ते जेवायला बसल्यावर येत नाही, तहान लागली की अजून टॅबच, त्यामुळे घरी ग्लास हातात देताना मांडीवर थाप मारत तेच गायचं असा होमवर्क असतो आणि खरं काम तिथेच होतंय असं मला वाटतं.

या पद्धतीला ऑडिटरी मोटर मॅपिंग ट्रेनिंग म्हणतात, २०११ चा पहिला अभ्यास फक्त ६ मुलांवर होता, ८ आठवड्यात ४० सेशन, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस. मुलं सुधारली, पण सहाच मुलं हो, आणि तेवढं रोजचं करून. आठवड्यातून एकदा जाऊन तेच होईल कशावरून? म्युझिक थेरपीच्या २६ अभ्यासांचा २०२२ चा कॉक्रेन आढावा (कॉक्रेन म्हणजे झालेले अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) पण वाचला, एकूण सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यात फायदा दिसतो, बोलण्यात मात्र स्पष्ट पुरावा नाही.

म्हणून दीड स्टार कापले ते सेंटरच्या माहितीपत्रकावर "तीन महिन्यात बोलू लागेल" छापलंय त्याचे. शिवाय रिसेप्शनवरच्या ताईंनी टॅब बंद करा, आळशी होईल असा सल्ला दिला, जो साफ चुकीचा आहे, टॅबने बोलणं अडत नाही. आमच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या टॅब सेशनलाच घेऊन या.

आवाजाने कान झाकणारं मूल असेल तर आधी ड्रमचा आवाज कमी करून एक ट्रायल मागा. आणि शिकवणारी व्यक्ती स्पीच थेरपिस्ट आहे की नुसती संगीत शिक्षक, कुठला आवाज कधी आला याची नोंद ठेवतात का, हे फी भरायच्या आधी विचारा, आमच्याकडे वही आहे, दर सेशनला भरतात.