न्यू जर्सीत थंडीत मासे गरवायचे : किनाऱ्यावरून की पार्टी बोटीवरून?

एडिसन, पार्सिपनी, जर्सी सिटीकडची आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात फ्लूक आणि सी बास हे मासे गरवायला जातात आणि थँक्सगिव्हिंग झालं की रॉड गराजमध्ये ठेवून देतात. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच, थंडीत काही मिळतं का, आणि जायचं तर किनाऱ्यावर उभं राहायचं की पार्टी बोटीचं, म्हणजे सगळ्यांना मिळून मासे गरवायला नेणाऱ्या बोटीचं, तिकीट काढायचं? माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ख्रिसमसपर्यंत किनारा, नंतर फेब्रुवारीअखेर बोट. इथे तुमच्या आवडीपेक्षा पाण्याचं तापमान आणि सीझनच्या तारखा जास्त ठरवतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात स्ट्राइप्ड बास, ज्याला सगळे स्ट्राइपर म्हणतात, बंकर, सँड ईल, हेरिंग अशा छोट्या माशांच्या मागे लागून उत्तरेकडून खाली सरकत असतात आणि वाटेत आपला किनारा लागतो, त्यामुळे आयलँड बीच स्टेट पार्कच्या दहा मैल पुळणीवर कुठेही उभं राहिलात तरी चान्स असतो, फक्त पक्षी पाण्यावर कुठे तुटून पडतायत ते बघत राहायचं आणि पहाटेचा उजेड फुटायची वेळ चुकवायची नाही. सँड ईल असतील तर बारीक लांबट मेटल (धातूचं खोटं आमिष) लावा, जाडजूड प्लग (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) नको. पाणी ५० फॅरनहाइटच्या आसपास असेपर्यंत मजा आहे, ४५ च्या खाली गेलं की बहुतेक मासे पुढे निघून गेलेले असतात. त्यानंतर जानेवारीत पुळणीवर उभं राहणं म्हणजे समुद्र बघायला जाणं, तेही छानच आहे पण डब्यात काही येईल ही आशा धरू नका.

शिवाय १ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर खाड्या, नद्या, बॅक बे सगळीकडे स्ट्राइपर पकडायला बंदी असते, फक्त समुद्राच्या बाजूला चालतो आणि तिथेही तीन मैलांच्या बाहेर कधीच नाही. फोर्क्ड रिव्हरचे जुने लेख वाचून अजून लोक विचारतात म्हणून सांगते, तिथलं ऑयस्टर क्रीक अणुवीज केंद्र चालू होतं तेव्हा त्याच्या कोमट पाण्यात मासे भर थंडीत थांबायचे, ते केंद्र सप्टेंबर २०१८ मध्ये बंद झालं, ते दिवस गेले.

आता बोट. बेलमार, पॉइंट प्लेझंट, अटलांटिक हायलँड्स इथून पार्टी बोटी थंडीतही सुटतात आणि त्यांचं मुख्य लक्ष्य टॉटॉग, म्हणजे ज्याला सगळे ब्लॅकफिश म्हणतात तो. हा मासा स्ट्राइपरसारखा दूर निघून जात नाही, पाणी थंड झालं की जरा खोल जाऊन बुडालेल्या जहाजांना आणि कृत्रिम रीफना चिकटून बसतो. न्यू जर्सीने समुद्रात जुनी जहाजं, आर्मीचे रणगाडे, न्यूयॉर्क सबवेचे डबेसुद्धा बुडवून रीफ केलेत, त्या सांध्याफटींत हे बसलेले असतात आणि कॅप्टन बोट बरोब्बर त्याच्यावर नांगरतो. किनाऱ्यावरून ही जागा तुम्हाला कशीही गाठता येणार नाही.

आमिष म्हणजे हिरवे खेकडे. पाय तोडायचे, खेकडा अर्धा करायचा, पायाच्या भोकातून गळ आत घालून टोक बाहेर काढायचं. खाली टक-टक जाणवतं तेव्हा गप्प राहायचं, तो अजून कवच फोडतोय, मग दोरी जड होते तेव्हा रॉड जोरात वर घ्यायचा आणि लगेच चार-पाच वेळा रील फिरवून त्याला लोखंडापासून दूर काढायचा, नाहीतर तो परत फटीत शिरतो आणि गळ, शिसं (दोरीला लावलेलं वजन) सगळं गेलं. ज्यादा शिसं न्याच. १६ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर माणशी पाच मासे, जानेवारी-फेब्रुवारीत चार, किमान १५ इंच, असा नियम आहे, पण नियम बदलतात तेव्हा जायच्या आधी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफच्या साइटवर बघून घ्या. हा मासा फार हळू वाढतो, म्हणून मोठी मादी आली तर मी सोडून द्या असंच म्हणेन.

पैशाचं म्हणाल तर किनारा जवळजवळ फुकट, राज्याचं सॉल्टवॉटर रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, पैसे लागत नाहीत पण दरवर्षी करावं लागतं. बोटीला शंभर डॉलर किंवा वर धरून चाला, वरती डेकवरच्या पोरांना टिप. वारा वाढला तर ट्रिप रद्द, म्हणून आदल्या रात्री फोन कराच. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्या, डोकं गरगरायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

थंडीच्या बाबतीत मात्र लोक उलटा विचार करतात, बोट म्हणजे धोका आणि किनारा म्हणजे सेफ. बोटीवर हीटरची केबिन असते, गरम सूप-कॉफी मिळते, मदतीला माणसं असतात. जेटीवर जानेवारीत एकटे असाल, दगडावर बर्फाचा पातळ थर असेल आणि पाय सरकला तर ४० फॅरनहाइटच्या पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हात काम करायचे थांबतात. एकटे जाऊच नका, बुटांना स्पाइक लावा, वेडर्सवर (छातीपर्यंतच्या वॉटरप्रूफ पँटवर) बेल्ट घट्ट बांधा. जेटीच हवी असेल तर बार्नेगाट लाइटहाउसची, तिथे काँक्रीटचा चालायचा रस्ता आहे. आणि कडाक्याच्या दिवशी विणलेली (ब्रेडेड) दोरी पाणी धरते, रॉडच्या रिंगांमध्ये बर्फ होतो, त्यापेक्षा मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी, लावा.

घरच्यांना काय आवडेल विचाराल तर टॉटॉग, डोळे झाकून. कातडी जाड असते, सोलूनच घ्या, पण आतला पांढरा मासा इतका घट्ट की तिरफळ घातलेल्या आमटीत उकळला तरी तुकडी मोडत नाही. बोटीवर सोबत रेड हेक नावाचा मासाही (इथे त्याला ling म्हणतात) लागतो, तो बोंबलासारखा मऊ, पकडल्या पकडल्या बर्फात घातला नाही तर संध्याकाळपर्यंत लगदा, रवा लावून त्याच दिवशी तळा. स्ट्राइपर एकच ठेवता येतो, २८ ते ३१ इंचांच्या आतला, आणि आमिष लावून पकडणार तर सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ) लागतो. बाजूचा लाल पट्टा काढून टाका, उग्र लागतो, आणि गरोदर बायकांना, लहान मुलांना देऊ नका, त्यात पीसीबी नावाची विषारी रसायनं साठतात.

१ मार्चला चित्र परत फिरतं, टॉटॉग बंद होतो आणि खाडीतला स्ट्राइपर उघडतो, मग बोटीचे पैसे वाचवा आणि कीपोर्टच्या बाजूला रॅरिटन बेवर ब्लडवर्म (आमिषाचे समुद्री किडे) घेऊन जा, दुपारी, ओहोटीला, कारण उथळ चिखलावर ऊन पडून तिथलं पाणी आधी तापतं.