घोड्यावर बसताना बाइकचं हेल्मेट चालेल की रायडिंगचंच घ्यायचं?

माथेरानला दस्तुरी नाक्यावरून घोडा घेतो तेव्हा आपण बघतो घोडा शांत आहे का, दर किती, पण डोक्यावर काय आहे ते कोणी बघतच नाही. घोड्यावर बसलं की डोकं जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतं आणि घोडा नुसता चालत असला तरी पाय घसरू शकतो. ऑलिम्पिक रायडर कोर्टनी किंग-डायच्या बाबतीत २०१० मध्ये हेच झालं, ट्रेनिंग देताना घोडा अडखळून पडला, हेल्मेट नव्हतं, ती महिनाभर कोमात होती.

आता घरात बाइकचं आयएसआय हेल्मेट असतंच, मग तेच का नको? फुल फेसवालं जड असतं, कान झाकले जातात, बाजूचं नीट दिसत नाही, आणि घोड्यावर तर मागून कुत्रं आलं की घोडेवाल्याची हाक आधी ऐकू यायला हवी. रायडिंगचं हलकं असतं, कान मोकळे, मागे डोक्याच्या खालपर्यंत येतं. घेताना आत एएसटीएम एफ११६३ (घोडेस्वारीच्या हेल्मेटचं अमेरिकी सुरक्षा मानक) चं लेबल बघा, नुसती मखमली टोपी दिसायला छान पण उपयोग शून्य.

माझं मत, महिन्यातून दोनदा जरी बसत असाल तरी रायडिंगचंच घ्या. वर्षातून एकदा माथेरानला जाणार असाल तर घरचं हाफ फेस न्या, उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं, फक्त हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावा, पोरांचा तर स्वतः ओढून बघा.