जुनी एमएक्स-५, आठ महिने, नऊ छोट्या शर्यती : वापरानंतरचा अनुभव

गाडी घरी आणली त्या रात्री मी कागदावर यादी केली होती : एक्झॉस्ट, एअर फिल्टर, इंजिनाचं रीमॅपिंग, हलकं फ्लायव्हील. आठ महिने आणि नऊ शर्यतींनंतर त्या यादीतली एकच वस्तू गाडीला लागली, आणि तीही मी परत काढली. बाकीचा सगळा वेळ यादीत नसलेल्या गोष्टींनी खाल्ला. अशी गाडी शर्यतीसाठी घ्यायचा कोणाचा विचार असेल तर माझी यादी विसरा, पुढचं वाचा.

गाडी म्हणजे दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९९९ ची, दोन सीटची, उघड्या छताची. १८३९ सीसीचं बिनटर्बोचं इंजिन, साधारण १४० हॉर्सपॉवर, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना. वजन हजार किलोच्या थोडं वर. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन दांड्यांवर धरलेलं. २०१६ साली या मॉडेलची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि एखादी गोष्ट अडलीच तर ती आधी कोणाची तरी अडलेली असते. हौशी शर्यतीत ही गाडी इतकी दिसते त्याचं निम्मं कारण हेच.

आमच्या शर्यती वीस मिनिटांच्या. दिवसात दोन सराव, दोन शर्यती. वीस मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण रस्त्यावर वर्षभरात जितक्यांदा जीव खाऊन ब्रेक दाबत नाही तितक्यांदा इथे एका शर्यतीत दाबतो.

सुरुवात टायरपासून केली आणि त्याबद्दल आजही पश्चात्ताप नाही. २०० ट्रेडवेअरचे (हा झिजेचा अंक, कमी म्हणजे टायर मऊ) चिकट टायर घातले आणि पहिल्याच दिवशी लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागे, जवळजवळ तीन सेकंद कमी झाले. इंजिनाला हात न लावता! पण वळणात गाडी आता जास्त जोर घ्यायला लागली होती, आणि तो जोर कुठेतरी जाणारच होता. पुढचे सहा महिने मी तो कुठे कुठे गेला हेच शोधत होतो.

टायरमधल्या हवेचा मुद्दा आधी सांगतो, कारण त्यात मी दोन शर्यती वाया घालवल्या. २० अंशांना १.८ बार भरलेली हवा टायर ७० अंशांवर गेला की २.३ बारच्या जवळ पोचते. लांबलचक सरावात हा आकडा मस्त जमला होता, म्हणून शर्यतीलाही तोच ठेवला. पण शर्यत सुटते थंड टायरवर, आणि जागा मिळवायची-गमवायची ती पहिल्या दोन लॅपमध्येच. माझे टायर सहाव्या लॅपला रंगात यायचे, तोवर पुढचे तिघं नजरेआड झालेले. आता शर्यतीला टायर थंड असतानाच हवा थोडी जास्त भरतो. शेवटच्या दोन लॅपला गाडी जराशी घसरते, ते चालतं.

ब्रेकचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघाच. माझ्यासकट ११०० किलोची गाडी १६० वरून ८० च्या वेगावर आणायची, म्हणजे वेग अर्धा झाला तरी तीन चतुर्थांश ऊर्जा काढून टाकायची. ती होते सुमारे ८०० किलोज्यूल, आणि हातात असतात अडीच सेकंद. म्हणजे ३०० किलोवॅटच्या वर. माझं इंजिन पूर्ण दमात १०० किलोवॅटच्या आसपास देतं. थोडक्यात, ब्रेक इंजिनाच्या तिप्पट काम करतात, आणि मी निघालो होतो एक्झॉस्ट घ्यायला.

दुसऱ्या शर्यतीत चौथ्या लॅपला पेडल मऊ झालं, पाचव्याला तळाला टेकलं. वळण सोडून सरळ मातीत गेलो. गाडीला काही झालं नाही, मान मात्र आठवडाभर खाली होती. कारण अगदी शाळकरी निघालं. कपाटात सहा महिने उघडी पडलेली डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलची बाटली मीच ओतली होती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ च्या मानकाप्रमाणे नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. ओलावा शिरल्यावर ही हद्द १५५ वर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, ऑइलसारखी घट्ट राहत नाही. आता ३०० अंशांच्या वर टिकणारं शर्यतीचं ऑइल वापरतो, प्रत्येक वेळी नवी छोटी बाटली फोडतो आणि दर दुसऱ्या शर्यतीआधी चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढतो. पेडलचा त्रास त्या दिवसापासून संपला. निदान मला तसं वाटलं.

ब्रेक पॅडच्या बाबतीतही हाव नडली. डब्यावरचा सगळ्यात मोठा तापमानाचा आकडा बघून पॅड घेतले. ते तापल्यावर अफलातून होते, पण सुरुवातीच्या पहिल्या वळणावर, जिथे सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून आत शिरतात, तिथे थंड पॅड धरतच नव्हते. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं सामान वीस मिनिटांच्या शर्यतीत उपयोगी पडेलच असं नाही. एक पायरी खालचे, थंडीतही धरणारे पॅड घातले आणि पहिल्या वळणाची धास्ती गेली. नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घ्यायचे, म्हणजे मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा वाढत्या जोराने ब्रेक लावायचे आणि मग न थांबता गाडी थंड होईपर्यंत चालवायची, हे मात्र चुकवू नका. अशीच आणखी एक सवय : शर्यत संपवून आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला पॅड डिस्कला चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा.

आता हबची गोष्ट, म्हणजे चाक आणि ब्रेकची डिस्क ज्यावर बसतात त्या बेअरिंगवाल्या भागाची. या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनेच.

पाचव्या शर्यतीत पेडल पुन्हा खोल जायला लागलं. मी म्हटलं, हवा असणार. हवा काढली. पुढच्या सरावात तेच. पुन्हा हवा काढली, मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) संशय घेतला, नवा मागवायच्या बेतात होतो. मग एका जुन्या ड्रायव्हरने बोनेटकडे न बघताच विचारलं, "पेडल नेमकं कधी खोल जातं? सरळ रस्त्याच्या शेवटी की लांब वळणानंतर?" मी आठवलं. लांब उजव्या वळणानंतरच. आणि दुसऱ्यांदा दाबलं की लगेच घट्ट. तो म्हणाला, "मग ब्रेकला कशाला छळतोस, बेअरिंग बघ."

गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. टक. टक. बेअरिंगला खेळ होता. वळणात हब वाकडा होतो, त्याच्याबरोबर डिस्क डुलते आणि दोन्ही पॅड मागे ढकलते. पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडलचा अर्धा प्रवास पॅड पुन्हा डिस्कपर्यंत आणण्यातच जातो. उजव्या वळणात भार डाव्या चाकावर येतो, म्हणून डावा हब आधी गेला. हे बेअरिंग रस्त्यासाठी केलेलं, बंद प्रकारचं. चिकट टायरचा आडवा जोर त्याच्या हिशोबातच नव्हता. म्हणजे दोष त्याचा नाही, टायर मी घातले होते.

या अनुभवातून माझा एक ढोबळ ताळा झाला आहे. पेडल कायम मऊ असेल तर नळ्यांमध्ये हवा. सुरुवातीला चांगलं आणि लॅपगणिक बिघडत गेलं तर ऑइल उकळतंय. फक्त वळणानंतर खोल आणि दुसऱ्या दाबाला ठीक, तर हब. हे तीन वेगवेगळे आजार आहेत, पायाला मात्र सुरुवातीला सारखेच लागतात. पुढचे दोन्ही हब बदलले आणि आता ते खपाऊ सामान धरतो, पॅडसारखे. एक हब डिकीत कायम असतो. प्रत्येक सत्राआधी चाकं हलवून बघतो. चाकाचे नट टॉर्क पान्याने ११० न्यूटन-मीटरला आवळतो आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासतो.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल; उणे म्हणजे वरची कड आत) गाडीतल्याच बोल्टने बदलता येतो, हे मोठं सुख. दुःख हे, की ते बोल्ट वीस वर्षांत सस्पेन्शनच्या रबरी बुशमधल्या नळीत गंजून एकजीव होतात. माझे दोन बसले होते, कापून काढायला अख्खा रविवार गेला. पुढे उणे २.८ आणि मागे उणे २.३ अंशांवर स्थिरावलोय. आधी टायरची बाहेरची कड झिजत होती, आता आत-मध्ये-बाहेर तापमान बऱ्यापैकी जवळ येतं. कोपऱ्यांची वजनं, म्हणजे प्रत्येक चाकावर किती भार येतो ते, करताना ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाच्या पिशव्या ठेवायला विसरू नका. रिकाम्या गाडीचे आकडे शर्यतीत काही कामाचे नसतात. मागे जाड अँटिरोल बारही (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) लावून पाहिला. वळणात आतलं मागचं चाक हलकं होऊन नुसतंच गरगरायला लागलं, ताकद धुरात. महिन्याभरात जुना बार परत आला.

उष्णतेचा विषय मी टाळत आलो होतो, कारण मीटरवरचा काटा शहाण्यासारखा मधोमध उभा असायचा. नंतर कळलं की तो काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमधच उभा राहतो. ऑइल प्रेशरच्या काट्याची तऱ्हा तर आणखी वेगळी : दाब ठरावीक पातळीच्या वर आहे की नाही, एवढंच तो सांगतो. दोन्हींसाठी खरे मीटर बसवले आणि पहिल्याच सरावात कूलंट ११२ दिसलं. पोटात गोळा आला.

याचं एक मूळ इंजिनाच्या वंशावळीत आहे. हे इंजिन पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांसाठी घडलेलं. तिथे पाणी पंपाच्या बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसलं, आणि पाणी बाहेर पडायची जागाही पंपाच्याच टोकाला, पुढे आली. त्यामुळे मागच्या सिलिंडरपाशी पाणी सुस्तावतं. रस्त्यावर याने काही बिघडत नाही. शर्यतीत चौथ्या सिलिंडरची काळजी वाटते. पाण्याचा मार्ग परत मागून काढायचं काम बरेच जण करतात, मी अजून केलेलं नाही. कारण आधीच्या मालकाने गाडीखालचं प्लास्टिकचं पान काढून टाकलं होतं, हे लक्षात आलं. ते नसलं की समोरची हवा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून निसटते. पान बसवलं, रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवल्या, आणि तापमान ९९-१०० वर आलं. आठ महिन्यांतला सगळ्यात फुकटात पडलेला फायदा हाच.

खऱ्या ऑइल मीटरने आणखी एक गोष्ट दाखवली. लांब वळणात काटा क्षणभर खाली यायचा. ऑइल इंजिनाच्या तळाच्या टाकीत एका बाजूला जमतं आणि शोषण्याच्या नळीच्या तोंडाशी हवा येते. आता पातळी कायम वरच्या खुणेला ठेवतो. मधली खूण "ठीक आहे" ही रस्त्यावरची समजूत.

त्या यादीतला एक्झॉस्ट? घेतला होता. आवाज झकास, लॅपचा वेळ जिथल्या तिथे, आणि आवाजाच्या तपासणीत काठावर पास. काढून ठेवलाय. त्याउलट स्टेपनी, जॅक, मागचं कार्पेट, शेजारची सीट असं तीसेक किलो काढलं. साध्या गुणोत्तराने ते चारेक हॉर्सपॉवर मिळाल्यासारखं आहे, आणि वर टायर-ब्रेकचंही ओझं उतरतं.

सुरक्षेचं सामान मी "सुधारणा" म्हणून मोजत नाही. उघड्या गाडीला रोल बार (डोक्यामागची लोखंडी कमान) हवाच, आणि हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारे शर्यतीचे पट्टे, त्याच्याशिवाय लावू नये : गाडी उलटली तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला वाकतो, हार्नेसमध्ये ताठ बसून राहतो. हार्नेसच्या लेबलवर मुदत छापलेली असते. माझी जुन्या मालकाकडून आलेली जोडी मुदतबाह्य होती, आणि ती पाहणीत दुसऱ्याच्या लक्षात आली, माझ्या नाही.

देखभालीची वही मी किलोमीटरवर नाही, ट्रॅकवरच्या तासांवर ठेवतो. आजवर बारा तास झाले. त्यात दोन वेळा इंजिन ऑइल, एकदा गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑइल, दोन जोड पुढचे पॅड, चार टायर, दोन हब, क्लचचा एक गळका स्लेव्ह सिलिंडर. मधल्या दिवसांत एका तासाच्या ट्रॅकमागे गॅरेजमध्ये सरासरी पाच तास गेले. हे ज्याला जड वाटतं त्याने भाड्याची गाडी घेऊन शर्यतीला उतरावं, त्यात कमीपणा नाही. मला ते पाच तासही आवडतात, म्हणून ही गाडी मला जमली. शेवटच्या तीन शर्यतींत एकही लॅप बिघाडामुळे सोडावा लागला नाही, आणि माझा सगळ्यात चांगला वेळ पहिल्या दिवसापेक्षा साडेपाच सेकंदांनी कमी आहे. इंजिन आतून अजूनही तसंच आहे जसं कारखान्यातून आलं.

दहावी शर्यत पुढच्या महिन्यात. काल गाडी धुताना पुढचं उजवं चाक सहज बारा-सहाला धरलं तर हाताला हलकीशी टकटक लागली. डिकीतला हब बाहेर काढून ठेवलाय.