लांब केसांचा अंबाडा घरीच घालायचाय, मग डोनट घ्यावा की नुसते आकडे?

लग्नसराई आली की हा प्रश्न हमखास निघतो. पार्लरला न जाता घरीच अंबाडा घालायचाय, तर तो स्पंजच्या कड्यासारखा डोनट आणावा का वेणी गुंडाळून आकड्यांवर, म्हणजे यू आकाराच्या पिनांवर, भागवावं? मी दोन्ही भरपूर वापरलंय. माझे केस कमरेच्या खाली जातात आणि दाट आहेत, त्यामुळे पुढचं सगळं तशा केसांना धरून वाचा, खांद्यापर्यंतचे केस असतील तर गणित बरंच बदलतं.

आधी डोनटबद्दल, कारण त्याचं जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. पोनी घालायची, डोनट त्यातून बुडापर्यंत सरकवायचा, केस चारी बाजूंनी त्यावर पसरायचे, वरून दुसरा रबर आणि उरलेली टोकं पीळ देऊन खाली गुंडाळायची. गोल आकार पहिल्याच दिवशी येतो, सरावाची फारशी गरज नाही. केस पातळ असतील तर अंबाडा भरगच्च दिसतो, ज्यासाठी आधीच्या पिढीतल्या बायका गंगावन लावायच्या. स्टेप कट असेल तरी डोनटच बरा वाटतो मला, कारण वेणी घातली की आखूड बटांची टोकं जागोजागी बाहेर येतात आणि कितीही पिना मारल्या तरी ती शेवटपर्यंत त्रास देतात. शिवाय ज्यांचा खांदा दुखतो किंवा हात मागे फार वेळ धरवत नाही त्यांना आकड्यांची खटपट जड जाते, हे मान्यच करायला हवं.

आता मला जे खटकलं ते. डोनटचा अंबाडा डोक्यावर बसत नाही, तो लोंबतो. सगळं वजन त्या पोनीच्या एका रबरावर असतं, आणि लांब दाट केसांचं वजन काही कमी नसतं. सकाळी आरशात बघून निघावं तेव्हा एकदम टापटीप असतो, मुहूर्त लागून पंगती उठेपर्यंत तो बोट-दोन बोटं खाली आलेला असतो, आणि खाली येताना मुळाशी केस ओढत राहतो. भांगाच्या मागे जिथे पोनी घट्ट बांधलेली असते तिथली कातडी आधी ताणल्यासारखी वाटते, मग ठणकायला लागते, आणि संध्याकाळी रबर काढला की तिथे नुसता हात लावला तरी दुखतं. रबर सैल बांधला तर अंबाडा डुगडुगतो, घट्ट बांधला तर डोकं दुखतं, मधलं काही मला तरी सापडलं नाही. त्यात गजरा माळला की ओल्या फुलांचं वजन परत त्याच रबरावर. गाडीत मागे डोकं टेकावं तर तो गोळा मानेत येतो. मे महिन्यात कोकणातलं लग्न असेल तर स्पंज घाम धरून ठेवतो आणि आतले केस दिवसभर दमट राहतात, ते वेगळंच. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही म्हणा, पण रोज ऑफिसला असा घट्ट बांधून जाणार असाल तर एकाच जागी सारखा ताण पडून तिथले केस विरळ होऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

आणि लांब केसांची अजून एक अडचण आहे. डोनट झाकून झाल्यावरही हातात लांबच लांब टोकं उरतात, ती बुडाशी गुंडाळत गेलं की अंबाडा पसरतो, डोक्याच्या मानाने फार मोठा होतो. छोटा डोनट घेतला तर जरा सुधारतं, पण मग दाट केसांना डोनट हवाच कशाला असं वाटायला लागतं.

आकड्यांच्या अंबाड्यात वजन वाटलं जातं, सगळा फरक तिथेच आहे. केस मानेशी घेऊन तीन पेडांची वेणी घालायची (घाई असेल तर दोन भाग करून पीळ दिला तरी चालतो), मुळाशी फार आवळायची नाही, आणि ती डोक्याला चिकटून चपटी गुंडाळत न्यायची, टोक अंबाड्याच्या खाली खोचायचं. रबर फक्त वेणीच्या टोकाला, तोही बारीक. मग आकडे. इथेच बऱ्याच जणींचं बिनसतं, कारण आकडा नुसता अंबाड्यात खुपसला तर तो तासाभरात वर येतो. आधी आकड्याची टोकं बाहेरच्या दिशेला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकडायचे, आकडा डोक्याला टेकला की उलटा फिरवायचा आणि डोक्याला घासत अंबाड्याच्या मध्याकडे आत सरकवायचा. अंबाड्याचे केस आणि खालचे केस दोन्ही एकत्र धरले गेले की तो हलत नाही. चारी दिशांना एकेक लावून डोकं हलवून बघा, जिथे सैल वाटेल तिथेच अजून एक. टोचत असेल तर तो चुकीचा लागलाय, काढून परत लावा, नीट बसलेला आकडा जाणवतसुद्धा नाही.

त्या चपट्या काळ्या बॉबी पिना दाट अंबाड्याला पुरत नाहीत, त्यांचं तोंड उघडं पडतं. त्या कानामागच्या सुटणाऱ्या बटांना ठीक. अंबाड्याला यू आकाराचे, मधे नागमोडी असलेले लांब आकडेच घ्या, तुळशीबागेत किंवा कुठल्याही बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मिळतात. टोकांवरचे मणी शाबूत आहेत ना एवढं बघून घ्या, मणी गेलेला आकडा डोक्याला खरवडतो.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेले केस निसरडे असतात, आकडे धरत नाहीत, आणि ओले केस बांधायचे तर अजिबातच नाही, ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. बारीक सुटे केस बसवायला खोबरेल तेलाचं बोट तळहातावर चोळून वरून हात फिरवला की माझं काम होतं, स्प्रे मला फारसा लागत नाही.

गजऱ्यालाही हाच अंबाडा जास्त शोभतो असं माझं मत आहे. चपटा असल्याने गजरा बुडाशी नीट बसतो, आकडा थेट डोक्याजवळच्या केसांत जातो, आणि नऊवारीवर सोन्याचं फूल किंवा अंबाडा पिन खोचायची असेल तर वेणीच्या पेडांत तिला पकड मिळते. डोनटमधे पिन स्पंजात जाते आणि हळूहळू बाहेर येते. अबोलीचा गजरा हलका असतो त्यामुळे तो दोन्हीवर चालून जातो, मोगऱ्याचे दोनतीन पदर माळणार असाल तर मात्र विचार करा.

लाकडी काडीने घातलेला बुचडा घरात आणि ऑफिसला उत्तम, पण समारंभात दिवसभर टिकेल याची खात्री मी देणार नाही.

तर केस पातळ असतील, स्टेप कट असेल, किंवा कार्यक्रम दोनतीन तासांचाच असेल आणि फोटो महत्त्वाचे असतील, तर डोनट घ्या, केसांच्या रंगाचा घ्या म्हणजे फटीतून दिसणार नाही. केस लांब, दाट, एका लांबीचे असतील आणि सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं असेल तर मी आकड्यांकडेच बोट दाखवेन. हात बसायला थोडा वेळ लागतो, म्हणून लग्नाच्या सकाळी पहिला प्रयोग करू नका, आधी सुट्टीच्या दिवशी घरी घालून स्वयंपाक, केरवारे सगळं करून बघा, संध्याकाळपर्यंत टिकला तर लग्नातही टिकेल.