मायकोप्लाझ्माची लस: आठ महिने वापरल्यावर

खोकला मोजायची माझी पद्धत साधी आहे. सकाळी शेडमध्ये शिरायचं, झोपलेल्या डुकरांना उठवायचं आणि तीन मिनिटं नुसतं ऐकत उभं राहायचं. लस सुरू करण्याआधी 40 डुकरांच्या कप्प्यात मोजायला हाताची बोटं पुरत नव्हती. आता चौथ्या बॅचला दोन-तीन ठसके, बस्स.

आमच्याकडे दुखणं होतं मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी या फुप्फुसाच्या जंतूचं. कोरडा, रेंगाळणारा खोकला. मरत कुणी नाही, खातात सगळी, पण अंगी लागत नाही. मी आधी पेनिसिलिन टोचत बसलो होतो. पेनिसिलिन जिच्यावर घाव घालतं ती पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीची भिंत) या जंतूला नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही, हे पशुवैद्यांनी सांगेपर्यंत बऱ्याच बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या.

ही लस एकाच डोसची. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की मानेत, कानामागे टोचायची. संध्याकाळपर्यंत जरा मलूल असतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा आचळांसाठी मारामारी. पहिल्या बॅचला टोचणं आणि दूध तोडणं एकाच दिवशी केलं, पिल्लं आठवडाभर सुकली. आता मध्ये आठ दिवस ठेवतो.

तिसऱ्या बॅचच्या वेळी बाटली काढायला गेलो तर ती फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलेली. फेकली. मग आठवलं, दुसऱ्या बॅचची बाटलीही तिथेच होती! ती पिल्लं अडीच महिन्यांची झाली आणि जुन्यासारखीच खोकायला लागली. 2 ते 8 अंश असं खोक्यावर छापलेलं असतं, वाचतं कोण.

जंतू यानं जात नाही, नुकसान कमी होतं. पहिली बॅच कापल्यावर फुप्फुसं पाहिली: पुढच्या पाळ्यांवरचे जांभळट, घट्ट डाग होते, पण पूर्वीपेक्षा लहान. थंडीत पडदे गच्च लावले आणि अमोनियानं आपलेच डोळे चुरचुरायला लागले, की लस असूनही ठसके वाढतात. तसंच तिसऱ्या बॅचमधलं एक तगडं डुक्कर सकाळी अचानक मेलेलं सापडलं, नाकाशी रक्ताळलेला फेस. ते ॲक्टिनोबॅसिलस या दुसऱ्याच जंतूचं काम निघालं; त्यावर ही लस नाही, तो दोष तिच्या माथी मारणार नाही.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो 50 डोसच्या बाटलीसाठी. उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, आणि माझी पिल्लं एका वेळी तीसच्या वर नसतात.