पॉडकास्ट आमचा, पत्ता दुसऱ्याच्या नावावर

तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांसाठी आम्ही काही जण मिळून एक ब्लॉग आणि एक पॉडकास्ट चालवत होतो. एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी धरून विषय ठरत. डाऊनी रोग कोणत्या हवेत पसरतो, भुरीची फवारणी कोणत्या टप्प्यात करावी, हे मुरलेल्या बागायतदारांकडून वदवून घ्यायचे आणि त्याचेच टिपण ब्लॉगवर ठेवायचे, असा आमचा क्रम होता. आज तो ब्लॉगही आमच्या ताब्यात नाही आणि पॉडकास्टचा जुना पत्ताही नाही. ज्यांच्याकडून ही सेवा घेतली त्यांच्याविरुद्धची तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांची कार्यपद्धती मात्र सविस्तर सांगतो, कारण ब्लॉग किंवा पॉडकास्ट सुरू करू पाहणाऱ्या कोणालाही ती ओळखता आली पाहिजे.

प्रस्ताव आकर्षक होता. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), होस्टिंग (ते ठेवायची सर्व्हरवरील जागा), ब्लॉग, पॉडकास्ट सर्व काही वर्षाला ९,००० रुपयांत, ऑडिओसाठी अमर्याद जागा, आणि वर ‘खास मराठीसाठी आम्ही स्वतः विकसित केलेला प्लॅटफॉर्म’ असे आश्वासन. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा विषय आम्ही काढला तेव्हा त्यावर मराठी नीट उमटत नाही असे आम्हाला ठामपणे सांगण्यात आले. हे धादांत खोटे होते. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय अक्षरपद्धतीमुळे वर्डप्रेसवर देवनागरी लेखनाला काहीही अडचण येत नाही आणि त्याची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. त्याहून संतापजनक बाब नंतर एका जाणकार मित्राने दाखवली. त्याने आमच्याच पानाचा सोर्स कोड उघडला, तर त्यात जागोजागी ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हे वर्डप्रेसच्या फोल्डरचे नाव होते. म्हणजे स्वतः विकसित केलेला म्हणून विकलेला प्लॅटफॉर्म प्रत्यक्षात वर्डप्रेसच होता, फक्त प्रवेशाच्या पानावर त्यांचे बोधचिन्ह चिकटवलेले होते. वर्डप्रेस २००३ पासून मुक्त परवान्याखाली सर्वांना मोफत मिळते. ते दुसऱ्यासाठी उभारून देऊन मेहनताना घेणे पूर्णपणे रास्त आहे, पण ग्राहकाला दुसरीकडे जाता येऊ नये म्हणून त्याचे मूळ रूप लपवणे ही लबाडी आहे.

या लपवण्याचा उपयोग त्यांना पुढे झाला. वर्डप्रेसमधील सर्व लेख एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय मुळातच असते, परंतु ती फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, दिसते. आम्हाला दिलेले खाते एडिटर दर्जाचे होते. लिहिता येत होते, दुरुस्त करता येत होते, फक्त आपले लिखाण घेऊन बाहेर पडता येत नव्हते.

पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ‘तुमचे श्रोते फार वाढले आहेत’ असे निरोप येऊ लागले. सोबत आकडे असत, आणि ते हजारोंच्या घरातले असल्यामुळे आम्हाला आनंदच होई. हे आकडे श्रोत्यांचे नव्हते, ते ‘हिट्स’चे होते. पॉडकास्टचे ॲप एखादी फाइल पुष्कळदा तुकड्यातुकड्यांनी मागवते, त्यामुळे एकाच माणसाने एकच भाग ऐकला तरी सर्व्हरवर अनेक मागण्यांची नोंद होते. त्यात शोधयंत्रांच्या बॉट्सची, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामची, भर वेगळीच. या क्षेत्रात मान्य असलेल्या, आयएबी या डिजिटल जाहिरात उद्योगाच्या संघटनेच्या मापनपद्धतीनुसार बॉट्स वगळले जातात, एकाच श्रोत्याने चोवीस तासांत केलेल्या मागण्या एक धरल्या जातात आणि किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरलेला असेल तरच तो डाउनलोड मोजला जातो. आम्हाला दाखवलेल्या आकड्यांना यातली कोणतीही चाळणी लावलेली नव्हती, आणि त्याच फुगवलेल्या आकड्यांच्या आधारे मोठ्या योजनेची गरज आमच्या गळी उतरवली जात होती. किती डेटा लागतो याचा खरा हिशेब कोणालाही करता येतो. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे अर्ध्या तासाचा भाग सुमारे २९ एमबी आणि त्याचे १,००० डाउनलोड सुमारे २९ जीबी. नुसते बोलणे असेल तर ६४ केबीपीएस मोनोमध्ये हे सारे निम्म्यावर येते. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या जागेच्या अटींत ‘वाजवी वापर’ असा शब्दप्रयोग होता आणि वाजवी म्हणजे किती हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता.

नूतनीकरणाचे बिल फळछाटणीच्या तोंडावर आले, ४२,००० रुपयांचे. आम्ही दुसरीकडे जातो असे कळवले तेव्हा उत्तर आले की डोमेन त्यांच्या संस्थेच्या नावावर आहे. डॉट कॉम डोमेन हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड (हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक) मागितल्यावर रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने) पाच दिवसांत उपलब्ध करून दिला पाहिजे असा आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेचा नियम आहे, पण तो हक्क नोंदणीकृत धारकाचा असतो, आणि कागदोपत्री धारक ते होते. गोपनीयतेच्या सोयीमुळे सार्वजनिक नोंदीत धारकाचे नाव बहुधा झाकलेले असते, त्यामुळे बाहेरून पाहून खात्री होत नाही. रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर आपल्या ईमेलने उघडलेले खाते आणि त्यात दिसणारे आपले डोमेन, हाच खरा पुरावा.

डोमेन गेले याचे दुःख होतेच, पण पॉडकास्टच्या बाबतीत फीड, म्हणजे नवे भाग ॲपपर्यंत पोहोचवणारी यादी, गेले हे अधिक घातक ठरले. श्रोत्याचे ॲप कार्यक्रमाचे नाव लक्षात ठेवत नाही, आरएसएस फीडचा पत्ता लक्षात ठेवते. जागा बदलायची तर जुन्या पत्त्यावर ३०१ प्रकारचे कायमचे रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे वळवणारी सूचना) लावावे लागते आणि ते किमान चार आठवडे ठेवावे अशी ॲपलची सूचना आहे. हे काम जुना पत्ता ज्याच्या हातात आहे तोच करू शकतो. ॲपलवरील खाते आमचे असते तर निदान तेथे नवा पत्ता भरता आला असता, परंतु तेही त्यांनी स्वतःच्या ईमेलने उघडले होते. स्पॉटिफायवर पॉडकास्ट आपला असल्याचे सिद्ध करायला गेलो, तर पडताळणीचा कोड फीडमध्ये नोंदवलेल्या ईमेलवर, म्हणजे पुन्हा त्यांच्याचकडे गेला. प्रत्येक दाराची किल्ली एकाच हातात राहावी अशी ही रचना पहिल्या दिवसापासून होती.

मूळ ध्वनिमुद्रणे आमच्याकडे असल्यामुळे आवाज वाचले. ब्लॉगच्या फीडमधून फक्त शेवटचे दहा लेख मिळाले, कारण वर्डप्रेस मुळात तेवढेच दाखवते. त्याआधीचे बरेचसे लेख संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर सापडले. रोगट पानांची मोठ्या आकाराची छायाचित्रे आणि लेखांखाली बागायतदारांनी स्वतःच्या फवारण्यांविषयी लिहिलेली बहुतेक निरीक्षणे मात्र परत मिळाली नाहीत, आणि त्यांची भरपाई पैशांत होण्यासारखी नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही प्रथम तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. जाहिरातीतील ‘स्वतः विकसित’ आणि ‘अमर्याद’ या शब्दांचे स्क्रीनशॉट, पावत्या आणि सोर्स कोडची छापील प्रत हा आमचा मुख्य पुरावा आहे.

नवी मांडणी करताना डोमेन आम्ही स्वतःच्या खात्यातून घेतले. वर्डप्रेसची ॲडमिनिस्ट्रेटर किल्ली आमच्याकडे आहे आणि लेखांची प्रत दरमहा उतरवून ठेवली जाते. ऑडिओसाठी स्वतंत्र पॉडकास्ट होस्ट निवडला. निवडताना दर किंवा सजावट यांआधी एकच गोष्ट पाहिली: सेवा सोडल्यावर फीडचे रीडायरेक्ट देण्याची हमी अटींत लिहिलेली आहे का. दोन ठिकाणी ती नव्हती, ती सोडून दिली. वर्डप्रेसची देखभाल झेपणार नसेल त्याने लेखनासाठी गुगलचे ब्लॉगर वापरावे असे माझे मत आहे. ते मोफत आहे, स्वतःचे डोमेन जोडता येते आणि लेख उतरवूनही घेता येतात.

जुन्या फीडवरचे श्रोते अजूनही तेथेच अडकलेले आहेत. ॲपमध्ये कार्यक्रमाचे नाव दिसते, जुने भाग वाजतात, नवीन काही येत नाही, आणि कार्यक्रम बंद पडला असा त्यांचा समज होतो. म्हणून सध्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि कृषी सेवा केंद्रांच्या फलकांवर नवा पत्ता लावण्याचे काम आम्ही करत आहोत.